थंडीची तयारी सगळे करतात, उजेडाची राहून जाते

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नोकरीसाठी उत्तर युरोपात येऊन आता तीन वर्षं होतील. ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग बघून दरवर्षी हरखून जाते. पण नोव्हेंबर लागला की सकाळी उठवत नाही, दुपारी तीनलाच दिवस संपल्यासारखा वाटतो, सारखं गोड खावंसं वाटतं. जानेवारीत अंगाला खाज सुटते, नाकातून रक्त येतं. पहिली दोन वर्षं वसंत ऋतू मजेत गेला, यंदा मात्र एप्रिलभर शिंका आणि लाल डोळे. आता जूनमध्ये रात्री झोप नाही. हे सवयीने जाईल, की माझं शरीर या हवामानासाठी नाहीच? पुढच्या हिवाळ्याआधी काय करू?"

बाहेरून येऊन उत्तरेकडच्या देशात स्थायिक झालेल्यांना मी फॅमिली डॉक्टर म्हणून बरीच वर्षं तपासते आहे. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी जवळपास याच क्रमाने, याच महिन्यांत माझ्याकडे येतात. तेव्हा पहिली गोष्ट, तुमच्या शरीरात काही कमी आहे असं मानू नका. दुसरी, यातलं काही सवयीने कमी होईल, काही होणार नाही, आणि एक तक्रार तर काळजी घेतली नाही तर दरवर्षी वाढू शकते. म्हणून सगळ्याला एकच उत्तर देता येत नाही.

मूळ कारणापासून सुरुवात करते. परदेशी निघताना माणूस जाड जॅकेट, बूट, हातमोजे यांची यादी करतो. ते बरोबरच आहे, पण थंडीचा बंदोबस्त कपड्यांनी होतो. उजेडाचा विचार सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या मते ऋतुबदलाचा मोठा त्रास तिथूनच येतो.

२० अंश अक्षांशाच्या आसपास, म्हणजे साधारण महाराष्ट्रात, वाढलेल्या माणसाने पाहिलेला सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांच्या जरा वर. वर्षभरातला फरक अडीच तासांच्या आत. टोरांटोत डिसेंबरचा दिवस नऊ तासांपेक्षा थोडा कमी भरतो आणि जूनचा साडेपंधरा तासांच्या आसपास. लंडनमध्ये हेच आकडे पावणेआठ आणि साडेसोळा, स्टॉकहोममध्ये सहा आणि साडेअठरा. त्याहून उत्तरेला, नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही. आणि हा बदल वर्षभर सारख्या वेगाने होत नाही. सप्टेंबर आणि मार्चमध्ये स्टॉकहोमचा दिवस रोज पाच मिनिटांहून अधिक घटतो किंवा वाढतो, म्हणजे आठवड्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त. तुमच्या शरीराने लहानपणापासून असा वेग कधी अनुभवलेला नाही.

शरीराला याचा फरक का पडावा? डोळ्याच्या पडद्यात दिसण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या पेशी असतात. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्यांचं मुख्य काम उजेड किती आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवण्याचं. हे घड्याळ बहुतेक माणसांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित हळू चालतं, म्हणून ते रोज सकाळी जुळवून घ्यावं लागतं, आणि जुळवणारा मुख्य हात सकाळच्या उजेडाचा. डिसेंबरमध्ये तुम्ही सात वाजता उठता, बाहेर मिट्ट काळोख. ऑफिसला पोहोचता तेव्हा जेमतेम उजाडत असतं. घड्याळ मागे पडत जातं, मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतं, आणि उठवत नाही. यात आळसाचा काही संबंध नाही.

एक प्रयोग करून बघा. फोनवर उजेड मोजणारं एखादं ॲप घ्या. आकडे अगदी अचूक नसतील, पण अंदाज येईल. संध्याकाळी घरात दिवे लावून मोजा, १०० ते २०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास येईल. ऑफिसच्या टेबलावर ३०० ते ५००. मग ढगाळ दुपारी, जिला सगळे अंधारलेली दुपार म्हणतात, दाराबाहेर जाऊन मोजा. हजार-दोन हजार तरी दिसतीलच, अनेकदा बरेच जास्त. डोळा इतक्या सहज जुळवून घेतो की आतला आणि बाहेरचा हा फरक आपल्याला जाणवतच नाही. मेंदूतल्या घड्याळाला मात्र तो जाणवतो. म्हणून माझा पहिला सल्ला साधा आहे आणि तोच सगळ्यात जास्त टाळला जातो: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत अर्धा तास बाहेर चाला. ते जमत नसेल तर जेवणाच्या सुट्टीत. खिडकीशी बसणं हा पर्याय नाही. काचेतून आणि खोलीच्या कोनातून येणारा उजेड बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो.

आता तुमच्या गोड खाण्याबद्दल. जास्त झोप, पिठूळ-गोड पदार्थांची ओढ, वजन वाढणं, हातपाय जड वाटणं, माणसं नकोशी होणं हा हिवाळी नैराश्याचा ठरलेला साचा आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं आणि त्याला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर हे नाव मिळालं. इतर नैराश्यात अनेकदा झोप उडते आणि भूक मरते, इथे उलटं होतं, म्हणून घरच्यांना तो आजार वाटतच नाही. थोडी सुस्ती येणं वेगळं आणि आजार वेगळा. मी तीन गोष्टी विचारते. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच्या दिवसातला बहुतेक वेळ असाच जातो का? काम, अभ्यास, नाती यांच्यावर परिणाम झाला आहे का? आणि हे दरवर्षी त्याच सुमाराला येऊन वसंतात आपोआप जातं का? तुमचं तिसरं उत्तर 'हो' दिसतं, पहिली दोन तुम्हीच तपासा. तीनही 'हो' असतील तर स्वतः उपाय करत बसू नका, डॉक्टरांना भेटा. आणि जगणं नको वाटण्याचे विचार कधी मनात आले, तर वसंताची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मदत मागायची.

हिवाळी नैराश्यावर वापरतात त्या उजेडाच्या दिव्याबद्दल बरेच गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दिवा १०,००० लक्सचा हवा, आणि तो आकडा किती अंतरावर मिळतो हे खोक्यावर वाचून तेवढ्याच अंतरावर बसायला हवं. तीस सेंटिमीटरवर १०,००० देणारा दिवा मीटरभर लांब ठेवला तर त्याचा फारसा उपयोग नाही. अतिनील किरण गाळणारा घ्या. उठल्यावर लवकरात लवकर, २० ते ३० मिनिटं, डोळे उघडे ठेवून पण दिव्याकडे टक लावून न बघता, वाचत किंवा नाश्ता करत बसा. संध्याकाळी वापरलात तर घड्याळ आणखी मागे जाईल. गुण यायचा असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला बायपोलर आजार असेल, डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल किंवा त्वचा उजेडाला हळवी करणारी औषधं चालू असतील, तर विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नका. बायपोलर आजारात तो उन्मादाचा झटका आणू शकतो. ज्यांना दरवर्षी त्रास होतो त्यांच्यासाठी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीचाही, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचाही पर्याय आहे. अभ्यासांत तिचा परिणाम त्या हिवाळ्यापुरता दिव्याइतकाच दिसला, पण पुढच्या हिवाळ्यांत अधिक टिकला.

या दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते त्वचेत तयार व्हायला उन्हातले यूव्हीबी नावाचे अतिनील किरण लागतात आणि हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की ते किरण वातावरणातच अडतात. ४२ अंशांवरच्या बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि त्याहून बऱ्याच उत्तरेच्या, कॅनडातल्या एडमंटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च उघड्या त्वचेत ते जवळपास तयारच होत नाही, हे १९८८ मध्ये दाखवलं गेलं आहे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला तेवढंच जीवनसत्त्व करायला जास्त ऊन लागतं. ब्रिटनमध्ये सगळ्यांनाच शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, घ्यायचा विचार करायला सांगतात आणि सावळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर. मोठ्या डोसच्या गोळ्या मात्र रक्त तपासल्याशिवाय महिनोन् महिने घेऊ नका. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

याच अंधाऱ्या दिवसांत बघण्यासारखंही पुष्कळ असतं, आणि मी ते औषधाच्या चिठ्ठीइतक्याच गांभीर्याने सांगते. बहुतेकांना वाटतं की २१ डिसेंबरपर्यंत संध्याकाळ लवकर लवकर होत जाते. तसं नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, त्यामुळे लंडनमध्ये सगळ्यात लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या आसपासच होऊन जातो. त्यानंतर सकाळ अजून उशिरा होत राहते, पण संध्याकाळ मात्र हळूहळू लांबायला लागलेली असते. माझे कितीतरी पेशंट ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात. आणि सूर्यास्तानंतरचा तो निळा वेळ बघा. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास उभा खाली उतरतो आणि लगेच काळोख होतो. उत्तरेत तो तिरका, क्षितिजाला घासत उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश पाऊण तास, कधी त्याहून जास्त टिकतो. त्या वेळी ओझोनचा थर नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो आणि आकाश गडद निळं होतं. बर्फ पडलेला असेल तर जमीनसुद्धा निळी दिसते. ताजा बर्फ आवाज शोषतो, म्हणून रस्ता एकदम शांत होतो. आणि पारा उणे दहाच्या खाली गेला की पायाखालचा बर्फ करकरायला लागतो. रोज चालणाऱ्याला थर्मामीटर न बघताही पायाच्या आवाजावरून थंडी कळते.

जानेवारीतल्या खाजेचं आणि नाकातल्या रक्ताचं कारण बाहेरची थंडी नाही, घरातली ऊब आहे. उणे १० अंशांची हवा काठोकाठ ओली असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम सव्वादोन ग्रॅम बाष्प मावतं. २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम मावतं. बाहेरची तीच हवा घरात घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता १३-१४ टक्क्यांवर येते. अशी हवा त्वचेतलं, नाकातलं, डोळ्यांतलं पाणी खेचून घेते. घरात साधा आर्द्रतामापक ठेवा, ३० ते ४० टक्के पुरे. त्याहून फार वाढवलीत तर थंड खिडक्यांवर पाणी साठून बुरशी धरते. थंडीत कढत पाण्याने लांबलचक अंघोळ करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्वचेचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. कोमट पाणी, पाच-सात मिनिटं, साबण फक्त गरजेच्या जागी, आणि अंग टिपून ओलसर असतानाच घट्ट, बिनवासाचं मलम. पातळ लोशन या हवेत तासाभरातच उडून गेल्यासारखं होतं. नाकाला सलाइनचा फवारा. एवढं करूनही रक्त वारंवार येत असेल तर दाखवून घ्या.

थंडीबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही तीन वर्षांत शिकला असाल. अंगालगत सुती कपडा नको. घाम धरून ठेवतो आणि थिजवतो. लोकर किंवा सिंथेटिक. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा बोटं एकत्र ठेवणारा मोजा जास्त ऊब देतो. बूट किंचित मोठे घ्या, आवळले की रक्त पोहोचत नाही. तापमानासोबत विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, बघा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघड्या त्वचेला १० ते ३० मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. पांढरा, बधिर पडलेला भाग चोळायचा नाही. आणि खरी हाडं मोडतात ती कडाक्याच्या थंडीत नाही, शून्याच्या आसपास, दिवसा वितळून रात्री गोठलेल्या गुळगुळीत बर्फावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्याकडे येणारी मनगटं बहुतेक तिथलीच. बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे तरुणांनीही वापरायला हवेत, त्यात कमीपणा नाही.

तुमच्या शिंका हीच ती वाढत जाऊ शकणारी तक्रार. नवीन मुलखात आल्यावर तिथल्या परागकणांशी शरीराची ओळख नसते, आणि ॲलर्जी व्हायला आधी ओळख व्हावी लागते. म्हणून पहिले एक-दोन वसंत निर्धास्त जातात आणि मग एखाद्या वर्षी सुरू होतं. उत्तर युरोपात एप्रिल-मेमध्ये बहुधा बर्च झाडाचे पराग, जून-जुलैमध्ये गवताचे. उत्तर अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रॅगवीड या तणाचे. सफरचंद किंवा हेझलनट खाल्ल्यावर घशाला, ओठांना खाज येते का ते आठवा. येत असेल तर बर्चचा संशय पक्का होतो, कारण त्यांच्यातली प्रथिनं मिळतीजुळती असतात. पुढच्या वर्षी शिंकांची वाट बघू नका. हंगामाच्या साधारण दोन आठवडे आधीपासून नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा सुरू करा, झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी जवळ ठेवा, आणि बाहेरून आल्यावर केस धुवा, निदान झोपण्याआधी. छातीत घरघर किंवा धाप असेल तर दम्याची तपासणी हवीच. वर्षागणिक वाढत गेलं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे त्याच परागांचे ठरावीक डोस देऊन शरीराला सवय लावण्याचा, विचार करता येतो. ती काही वर्षं घ्यावी लागते, पण ॲलर्जीच्या मुळाशी जाते.

वसंताबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. सगळे उल्हसित असताना आपलं मन उदास किंवा बेचैन असलं तर माणूस जास्तच एकटा पडतो. अनेक देशांत आत्महत्यांचं प्रमाण हिवाळ्यात नाही, वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त दिसतं. तेव्हा उजेड आला म्हणजे सगळं आपोआप बरं झालं असं कुणी गृहीत धरू नये, विशेषतः घरच्यांनी.

आता जूनची झोप. हिवाळ्यात हवा असलेला उजेड इथे उलटा नडतो: रात्री अकरालाही आकाश उजळ, पहाटे साडेतीनला ऊन. पूर्ण अंधार करणारे पडदे घ्या आणि ते खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद लावा, कारण त्रास फटीतून येणाऱ्या उजेडाचाच असतो. ते जमेपर्यंत डोळ्यांवर पट्टी. झोपण्याआधी दोन तास घरातले पडदे ओढून संध्याकाळ स्वतः तयार करा. उठण्याची वेळ शनिवार-रविवारीही तीच ठेवा. पण सगळा उन्हाळा पडद्याआड घालवू नका. रात्री दहाला सोनेरी उन्हात बसणं, जेवून झाल्यावर तळ्याकाठी फिरायला जाणं, मुलांनी अंगणातून घरात यायलाच नकार देणं हे वर्षातून काही आठवडेच मिळतं. आठवड्यातून एखादी रात्र जाणूनबुजून जागा.

आणि उष्णतेची लाट आली तर "आम्हाला काय, आम्ही उन्हातलेच" असं म्हणू नका. उष्णतेची सवय शरीराला साधारण दोन आठवड्यांत होते आणि महिन्याभरात जाते, मग जन्म कुठेही झालेला असो. इथली घरं ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात, ती रात्रीही थंड होत नाहीत. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात ७०,००० हून अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये ४०.३ अंश नोंदले गेले. दिवसा खिडक्या-पडदे बंद, रात्री उघडे, पाणी, आणि शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी.

तुमच्या लाडक्या ऑक्टोबरकडे येते. पानातला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, हिरव्याखाली झाकलेला. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातलं नत्र खोडात परत घेतं आणि पिवळा उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडांत तेव्हाच नव्याने तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. म्हणून लख्ख ऊन आणि थंड पण न गोठणाऱ्या रात्री असलेल्या वर्षी तो जास्त खुलतो. एखादं गळालेलं पान उचलून देठाचं टोक बघा: तुटल्याची खूण नसते, गुळगुळीत, बंद केलेली कड असते. पान गळण्याआधीच तिथे पेशींचा थर तयार झालेला असतो. हे सगळं झाडाला सुचतं ते मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. थंडी पडण्याआधी, उजेड घटतोय एवढ्यावर ते तयारीला लागतं.

तुमची तयारीही त्याच वेळी व्हायला हवी. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ घ्या आणि गेल्या तीन हिवाळ्यांचं नीट सांगा: कोणत्या महिन्यात सुरू झालं, किती झोप, वजनात किती फरक, कामावर काय परिणाम. ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण थकव्याला ही कारणंही असू शकतात आणि ती हिवाळ्याच्या नावावर खपून जातात. दिवा सप्टेंबरच्या अखेरीस टेबलावर आलेला असावा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळ एका दिवसात तासभर आधी होते. तो आठवडा दरवर्षी जड जातो, तेव्हा त्या आठवड्यात मोठी कामं ठेवू नका. आणि उन्हाच्या देशात सुट्टीला जायचं असेल तर मजेसाठी जरूर जा, उपचार म्हणून नको. तिथे बरं वाटतं, पण परतल्यावर काही दिवसांतच लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात, म्हणून परत आल्याच्या दुसऱ्या सकाळपासून दिवा आणि चालणं पुन्हा सुरू करा.